नाकाची शस्त्रक्रिया कोणाकडून करून घ्यावी?

सौंदर्यासाठी केल्या जाणाऱ्या नाकाच्या शस्त्रक्रियेविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लेखकांची नावे गाळली आहेत. बहुतेकांनी शेवटी "एखादे चांगले नाव सुचवा" अशी विनंती केली आहे. परंतु या सदरातून कोणत्याही डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे नाव सुचवले जात नाही. हाती आलेले नाव कसे पारखून घ्यावे, एवढेच येथे सांगता येईल. मी स्वतः नाक-कान-घसा शास्त्राचा अध्यापक होतो, त्यामुळे माझा कल कुठे झुकू शकतो हे वाचकांनी लक्षात ठेवलेले बरे.

प्रश्न : माझे वय २४ आहे. नाकाच्या मध्यावर हाडाचा उंचवटा असल्यामुळे बाजूने पाहिले की नाक पोपटाच्या चोचीसारखे दिसते. समाजमाध्यमांवर पुण्यातील एका क्लिनिकचे व्हिडिओ पाहून मी तेथे भेटून आले. तेथील डॉक्टरांच्या नावापुढे दोन ओळी भरतील एवढ्या पदव्या आहेत; पण त्यांतील एमबीबीएस सोडल्यास मला काहीच कळले नाही. ते या शस्त्रक्रियेसाठी पात्र आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे? आमच्याकडे माझ्यासाठी स्थळे पाहणे सुरू आहे, म्हणून थोडी घाई आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : पदव्यांच्या लांबीला महत्त्व देऊ नका, एमबीबीएसनंतर लगेच काय लिहिले आहे तेवढेच पाहा. प्लास्टिक सर्जरीचा सरळ मार्ग असा आहे : एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमएस जनरल सर्जरी आणि त्यानंतर आणखी तीन वर्षांचे एमसीएच प्लास्टिक सर्जरी. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पूर्वीची डीएनबी आणि आताची डीआरएनबी ही प्लास्टिक सर्जरीतील पदवीही त्याच दर्जाची मानली जाते. दुसरा मार्ग नाक-कान-घसा विभागातून जातो. त्यात एमएस किंवा डीएनबी ईएनटी केल्यानंतर चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. या दोन्ही मार्गांपैकी एकही त्या दोन ओळींत सापडला नाही, तर उरलेली सगळी अक्षरे कितीही भारदस्त दिसोत, त्यांनी तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. संस्थांची सदस्यत्वे, आठवड्याभराच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे, त्वचा-सौंदर्याच्या खासगी पदविका हे सर्व नावापुढे लागते आणि सामान्य माणसाला ते पदवीसारखेच दिसते. पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' लिहिलेले असले, तरी त्या दोन शब्दांवरून त्या व्यक्तीने शस्त्रक्रियेचे शिक्षण कोठे आणि किती वर्षे घेतले हे समजत नाही. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेनुसार मान्यताप्राप्त पदव्या किंवा खरोखर व्यावसायिक ज्ञान दर्शवणारी प्रमाणपत्रे आणि सन्मान एवढेच नावापुढे लावता येतात. ही संहिता २००२ सालची आहे आणि अजूनही तीच लागू आहे, पण पाट्या रंगवणारे ती वाचत नाहीत.

आता पडताळणी. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक ॲलोपॅथिक डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असणे बंधनकारक आहे. परिषद १९६५ च्या कायद्यानुसार काम करते आणि नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असावा, तसेच प्रिस्क्रिप्शनवर आणि पैशांच्या पावतीवर छापलेला असावा, असा त्याच आचारसंहितेचा नियम आहे. तो क्रमांक उतरवून घ्या आणि परिषदेच्या संकेतस्थळावर शोधा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर देशभराची नोंदवही आहे. डॉक्टरांची मूळ नोंदणी अन्य राज्यात झाली असेल, तर ती तेथे पाहता येते. गोव्यातील वाचकांसाठी गोव्याची स्वतंत्र वैद्यकीय परिषद आहे.

येथे एक बारकावा आहे, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. नोंदवहीत नाव सापडले म्हणजे ती व्यक्ती एमबीबीएस डॉक्टर आहे एवढेच सिद्ध होते. एमएस, एमसीएच यांसारख्या पुढच्या पदव्यांची नोंद परिषदेकडे वेगळी करावी लागते, आणि तुम्हाला पाहायची आहे ती हीच 'अतिरिक्त अर्हते'ची नोंद. संकेतस्थळावरची माहिती कधीकधी जुनी राहते, म्हणून तेथे पदवी दिसली नाही एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवू नये, मात्र अशा वेळी "अतिरिक्त अर्हतेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मिळेल का?" असे सरळ विचारावे. ज्यांनी बारा-तेरा वर्षे शिकून ते मिळवलेले असते, त्यांच्याकडे ते बहुधा भिंतीवरच लावलेले असते.

पदवी असली म्हणजे काम झाले, असेही नाही. एमसीएच झालेल्या एखाद्या शल्यचिकित्सकाची हयात भाजलेल्यांवर उपचार करण्यात किंवा तुटलेली बोटे जोडण्यात गेलेली असते. ते काम कमी प्रतीचे मुळीच नाही, पण त्याने नाकावरचा हात बसत नाही. नाकाची शस्त्रक्रिया ही सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये सर्वांत अवघड समजली जाते. एका मिलिमीटरच्या फरकाने बाजूची रेषा बदलते, आणि हाड, कूर्चा (हाडाहून मऊ, लवचीक भाग), आतले अस्तर व त्वचा या चारही गोष्टी पुढचे वर्षभर आपापल्या गतीने आकसत राहतात. तेव्हा पदवीने तुम्ही अपात्र माणसाला बाजूला काढा आणि अनुभवाने पात्र माणसांतून निवड करा. गेल्या वर्षभरात नाकाच्या किती शस्त्रक्रिया केल्या, त्यांपैकी उंचवटा कमी करण्याच्या किती आणि किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, हे विचारायला संकोच करू नका. प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अहवालांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या घरात आढळते. म्हणून "माझ्याकडे कधीच तशी वेळ आली नाही" असे उत्तर मिळाले, तर ते उत्तर देणाऱ्याने एक तर फार थोडी नाके केली आहेत किंवा केलेली नाके पुन्हा पाहिलेली नाहीत.

घाईविषयी. नाकावरची बाहेरची पट्टी साधारण आठवड्याने निघते आणि डोळ्यांखालचे काळेनिळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात; पण शेंड्यावरची सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला वर्ष लागते, त्वचा जाड असेल तर त्याहूनही अधिक. साखरपुड्याच्या आधी दोन महिने हे उरकून घेता येईल असे जो डॉक्टर सांगतो, तो तुम्हाला तारीख विकतो आहे. आणि एक विचारू का? नाक तुम्हाला स्वतःला खटकत होते की पाहायला आलेल्या कोणी काही बोलल्यानंतर खटकू लागले? चांगला शल्यचिकित्सक हाच प्रश्न पहिल्या भेटीत विचारील. तो विचारला गेला नाही, तर ती उणीवच समजा.

प्रश्न : माझ्या मुलाला (वय २६) उजव्या बाजूने श्वास घ्यायला त्रास होतो आणि क्रिकेट खेळताना लागल्यामुळे नाक बाहेरूनही वाकडे झाले आहे. आमचे नेहमीचे नाक-कान-घसा तज्ज्ञ म्हणतात, दोन्ही एकाच वेळी करू. नातेवाईक म्हणतात, दिसण्याचा प्रश्न असेल तर प्लास्टिक सर्जनकडेच जा. शिवाय विम्यातून पैसे मिळावेत म्हणून सगळे 'पडद्याचे ऑपरेशन' असे दाखवता येईल, असेही एका रुग्णालयात सुचवण्यात आले.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही शाखांचे लोक या विषयावर एकमेकांशी अनेक वर्षे भांडत आले आहेत. रुग्णाने त्या भांडणात पडू नये. नाक आतून आणि बाहेरून वेगळे नसते. नाकाचा पडदा, म्हणजे दोन नाकपुड्यांमधली आतली भिंत, हा बाहेरच्या आकाराचा आधारखांबच आहे. पडदा वाकडा ठेवून बाहेरून नाक सरळ करायला गेले, तर ते पुन्हा वळते. आणि श्वासाचा विचार न करता उंचवटा घासून काढला किंवा नाक फार अरुंद केले, तर आतली सर्वांत निरुंद जागा मिटते आणि दिसायला सुरेख झालेल्या नाकाने माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो. त्यामुळे तुमच्या मुलाच्या बाबतीत दोन्ही कामे एकाच वेळी व्हावीत हा सल्ला योग्य आहे. फक्त ती दोन्ही कामे करणारा हात हवा. काही ठिकाणी नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन एकत्र शस्त्रक्रिया करतात, तीही चांगली पद्धत आहे.

तुमच्या नेहमीच्या तज्ज्ञांना विचारण्याचा प्रश्न असा : "पडद्याची शस्त्रक्रिया तुम्ही शेकड्यांनी केली असेल, बाहेरून मोडून सरळ केलेली नाके किती?" नाक-कान-घसा शास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात पडद्याची शस्त्रक्रिया प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून होते, परंतु बाहेरच्या आकाराचे काम सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. हे मी आमच्याच शाखेबद्दल सांगतो आहे. दुसरीकडे, प्लास्टिक सर्जनकडे गेलात तर त्यांनी नाकात दुर्बीण घालून किंवा निदान प्रकाश टाकून आतून पाहिले का, याकडे लक्ष ठेवा. फक्त बाहेरून छायाचित्रे काढून खर्चाचा अंदाज दिला गेला, तर तुमच्या मुलाची निम्मी तक्रार ऐकलीच गेली नाही.

विम्याबाबत स्पष्ट सांगतो. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांना त्यातून सूट असते. तुमच्या मुलाला खरोखर दुखापत झालेली आहे आणि श्वासाची तक्रारही खरी आहे. त्यामुळे दुखापतीचे कागद, तपासणीचा अहवाल आणि तज्ज्ञांचे पत्र जोडून खरा दावा करता येईल. पडद्याच्या आजारासाठी पॉलिसीत प्रतीक्षा कालावधी असतो, तो तपासून घ्या. खोटे लिहून देण्याची तयारी दाखवणारे रुग्णालय मात्र टाळा. आज विमा कंपनीसाठी जे तुमचा केसपेपर बदलतात, ते उद्या शस्त्रक्रिया बिघडल्यावर स्वतःसाठीही तो बदलतील.

प्रश्न : नाकाची शस्त्रक्रिया जगाला आपल्याकडूनच मिळाली आणि पुण्याजवळच्या एका पदवी नसलेल्या कारागिराने ती इंग्रजांना दाखवली, असे मी वाचले आहे. मग आज पदव्यांचे एवढे स्तोम कशासाठी?
— एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : तुम्ही वाचले ते खरे आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती लागला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभरानंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातील एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ते पाहणाऱ्यांत मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे डॉक्टर होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापली गेली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया करून दाखवली. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी वापरण्याची कृती आहे. पुण्याच्या कारागिराची कपाळाची पद्धत कर्करोगाने किंवा अपघाताने नाक गेलेल्यांसाठी आजही वापरली जाते.

पण त्या कारागिराला अशिक्षित समजू नका. ही विद्या त्यांच्याकडे पिढीजात होती. त्याने केलेली नाके पंचक्रोशीत उघड्यावर हिंडत होती आणि बिघडलेले नाक लपून राहत नव्हते. त्याची परीक्षा घ्यायला परिषदेची गरज पडली नाही, कारण ती गावच घेत होते. सांगलीच्या मुलीने पुण्यातल्या अनोळखी माणसाची परीक्षा कशी घ्यावी? त्यासाठी परीक्षा मंडळ, परिषद आणि नोंदवही लागते.

प्रश्न : आमच्या भागातील एका ब्युटी क्लिनिकमध्ये शस्त्रक्रियेशिवाय, फक्त इंजेक्शनने अर्ध्या तासात नाक उंच आणि धारदार करून मिळते. काही धोका नाही असे सांगतात. खरे आहे का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : नाही. बसक्या नाकाला उंची देण्यासाठी त्वचेखाली फिलर (भरावासाठीचे जेलसारखे द्रव्य) भरतात हे खरे आहे आणि प्रशिक्षित हातांत त्याचा उपयोगही होतो. परंतु नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलरचा थेंब चुकून रक्तवाहिनीत गेला, तर नाकाची त्वचा काळी पडून मरते. क्वचित प्रसंगी त्या बाजूची दृष्टी कायमची जाते. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर असेल तर तो विरघळवणारे हायल्युरॉनिडेझ हे औषध त्याच खोलीत तयार असावे लागते आणि ते केव्हा, किती टोचायचे हे ठाऊक असणारा डॉक्टर समोर असावा लागतो. ज्या ठिकाणी हे औषध ठेवलेले नाही, तेथून उठून यावे. ज्या नाकावर आधी शस्त्रक्रिया झाली आहे, तेथे हा धोका अधिक असतो. सौंदर्योपचारांबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केश-प्रत्यारोपणाच्या निमित्ताने जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत एक वाक्य आहे, ते येथेही लागू पडते : कार्यशाळेत पाहून किंवा यूट्यूबवर पाहून मिळालेले ज्ञान असे उपचार सुरू करण्यासाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे.

प्रश्न : मी तीन ठिकाणी चौकशी केली. तिन्ही डॉक्टर प्लास्टिक सर्जन आहेत, तिन्ही नोंदणीकृत आहेत. पण खर्चाचे आकडे एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट आहेत. सर्वांत स्वस्त ठिकाणी 'आज रक्कम भरल्यास सवलत' मिळते आहे. एका ठिकाणी संगणकावर माझे नवे नाक करून दाखवले, ते मला फार आवडले. निवड कशी करू?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुम्ही नोंदणी तपासूनच पत्र लिहिले, म्हणजे पहिली पायरी ओलांडली आहे. सवलतीचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. आज पैसे भरा म्हणणाऱ्याला उद्या तुम्ही विचार बदलाल अशी भीती आहे. ही शस्त्रक्रिया तातडीची कधीच नसते. चांगला शल्यचिकित्सक तुम्हाला घरी पाठवतो, पुन्हा बोलावतो आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा तेच प्रश्न विचारतो.

आकड्यांची तुलना करायची तर त्यांत काय काय धरले आहे ते लेखी घ्या. शल्यचिकित्सकाची फी, भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, राहण्याचा खर्च, औषधे, कान किंवा बरगडीतून कूर्चा घ्यावी लागली तर त्याचा वाढीव खर्च आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षभरात किरकोळ दुरुस्ती करावी लागली तर कोणता खर्च कोण करणार. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो, जन्मजात दोष किंवा दुखापत दुरुस्त करण्यासाठी असेल तर लागत नाही. तो आकड्यात धरला आहे का, हेही पाहा. नाकापेक्षा मोती जड होऊ नये हे खरे, पण येथे काटकसर भूल आणि शस्त्रक्रियागृह या दोन ठिकाणी झालेली असेल, तर ती जिवावर बेतू शकते. नाकाच्या शस्त्रक्रियेत रक्त घशात उतरते, म्हणून श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल देण्याची पद्धत आहे. त्यासाठी पदवीधर भूलतज्ज्ञ सुरुवातीपासून शुद्धीवर येईपर्यंत उपस्थित हवा. ते कोण असतील आणि शस्त्रक्रियेआधी तुम्हाला तपासतील का, हे विचारा. जागा ही केवळ क्लिनिक नसावी. महाराष्ट्रातील १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असावे लागते. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रकही लावणे आवश्यक आहे. प्रवेशद्वाराशी उभे राहून भिंत वाचायला पाच मिनिटे लागतात.

संगणकावरच्या नाकाबद्दल. ते चित्र म्हणजे संभाषणाचे साधन आहे. "मला एवढा उंचवटा कमी हवा आहे" हे सांगायला त्याचा उपयोग होतो. संगणकाच्या पडद्यावर कूर्चा वाकत नाही, त्वचा आकसत नाही आणि व्रण घट्ट होत नाही. आपल्याकडे अनेकांची शेंड्यावरची त्वचा जाड आणि तेलकट असते. अशा त्वचेखाली कितीही रेखीव सांगाडा उभारला, तरी चाफेकळी नाक उमटत नाही, आणि हे पहिल्या भेटीत तुमच्या नाकाला हात लावून सांगणारा डॉक्टर संगणकाच्या चित्राहून अधिक भरवशाचा आहे. तिघांपैकी कोणी "हे माझ्याने होणार नाही" असे काही म्हणाले का? म्हणाले असल्यास त्यांच्याकडे पुन्हा जा.

इतरांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवली गेली असतील, तर ती रुग्णांच्या संमतीने दाखवली जात आहेत का, हे विचारा. छायाचित्रे समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरकी आणि नाकपुड्यांच्या खालून, एकाच अंतरावरून आणि एकाच प्रकाशात घेतलेली असावीत. आधीच्या चित्रात चेहरा उदास आणि नंतरच्यात लिपस्टिक, हसू आणि मंद दिवा असेल, तर नाकात काय बदलले हे देवही सांगू शकणार नाही. नंतरचे चित्र किती महिन्यांनी घेतले आहे ते विचारा. सहा आठवड्यांचे चित्र निकाल म्हणून दाखवणे योग्य नाही. आणि स्वतःचे नाक मोबाइलच्या सेल्फीवरून ठरवू नका. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवले गेले की सुमारे फूटभर अंतरावरून काढलेल्या छायाचित्रात नाकाचा पाया पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत साधारण ३० टक्के रुंद भासतो.

संमतिपत्र शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, कपडे बदलल्यावर हातात देऊ नये. ते आधी घरी न्यायला मागा आणि मराठीत समजावून घ्या. त्यात कूर्चा कोठून घेणार, सिलिकॉन वापरणार का, हे लिहिलेले असावे. सिलिकॉन सोपे आणि झटपट असते, पण वर्षांनंतरही ते सरकू शकते, त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो किंवा ते त्वचेतून बाहेर येऊ शकते. म्हणून माझे मत स्वतःच्या कूर्चेच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे की रुग्णाने एका प्रक्रियेला दिलेली संमती, जीव वाचवण्याची तातडी नसताना, दुसऱ्या प्रक्रियेसाठी वापरता येत नाही. शस्त्रक्रिया स्वतः तेच डॉक्टर करणार की त्यांचे सहायक, हेही त्याच कागदावर असू द्या.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. वर्गातल्या मुली नाकावरून चिडवतात म्हणून ती आरशासमोरून हलत नाही, छायाचित्रात येत नाही, आता शाळेत जायलाही नको म्हणते. शस्त्रक्रिया करून टाकावी का?
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : मुलींच्या नाकाची वाढ साधारण पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलांची सतरा-अठराव्या वर्षापर्यंत पूर्ण होते, त्याआधी केवळ दिसण्यासाठी शस्त्रक्रिया करू नये. तुमची मुलगी त्या सीमेवर आहे. कायद्याने तिच्या वतीने संमती तुम्हालाच द्यावी लागेल. पण तुमच्या पत्रात मला नाकाहून आरशाची काळजी अधिक वाटते. दुसऱ्याच्या सहज लक्षातही न येणारा दोष तासन्‌तास मनात घोळत राहणे हा एक ओळखीचा मानसिक विकार आहे आणि नाकाची शस्त्रक्रिया मागणाऱ्यांत तो इतरांपेक्षा अधिक आढळतो. अशा रुग्णाचे समाधान शस्त्रक्रियेने बहुधा होत नाही. लक्ष दुसऱ्या अवयवावर जाते. तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि शाळेतल्या चिडवण्याचा बंदोबस्त मुख्याध्यापकांकडून करून घ्या. अठराव्या वर्षानंतर तिची इच्छा तशीच राहिली, तर दार बंद झालेले नाही. हे ऐकल्यावर कोणी डॉक्टर परीक्षा संपताच तारीख द्यायला तयार झाले, तर ते तिच्यासाठी योग्य डॉक्टर नाहीत.

एक अपवाद सांगून ठेवतो. नाकाला मार लागून हाड मोडले असेल, तर वयाचा विचार न करता ताबडतोब दाखवावे. मोडलेले हाड मोठ्या माणसांत साधारण दोन आठवड्यांच्या आत जागेवर बसवावे लागते आणि मुलांत त्याहून लवकर. पडद्यात रक्त साकळले असेल, तर तेवढाही वेळ नसतो.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो. दिवाळीत पंधरा दिवसांच्या रजेवर मुंबईला येऊन शस्त्रक्रिया करून परतावे असा विचार आहे. व्हिडिओवर सल्ला घेऊन तारीख निश्चित करता येईल का?
— एक वाचक, दुबई

उत्तर : व्हिडिओवर प्राथमिक बोलणे होऊ शकते, शस्त्रक्रियेचा निर्णय नाही. त्वचेची जाडी, कूर्चेची ताकद आणि आतला पडदा हे हाताने आणि डोळ्यांनीच पाहावे लागते. पंधरा दिवसांत पट्टी निघेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर विमानानेही जाता येईल. पण पुढच्या तपासण्या पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या सुमारास असतात. त्या कोण करणार? एका रजेत तपासणी आणि पुढच्या, किमान तीन आठवड्यांच्या रजेत शस्त्रक्रिया असे करा, किंवा राहत्या ठिकाणीच पात्र शल्यचिकित्सक शोधा. धूम्रपान करत असाल, तर निदान महिनाभर आधी थांबवावे लागेल.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी माझ्या नाकाची शस्त्रक्रिया झाली. नाक मध्यावर खचल्यासारखे दिसते आणि डाव्या बाजूने श्वास कोंडतो. डॉक्टर "सूज आहे, थांबा" एवढेच सांगतात आणि आता फोनही उचलत नाहीत. दुसरीकडे दाखवू का? तक्रार कोठे करावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसरीकडे जरूर दाखवा, मात्र लगेच दुसरी शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी नव्हे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे एक वर्ष जाईपर्यंत ऊती मऊ होत नाहीत आणि तोवर हात घातल्यास नुकसान वाढते. "थांबा" हा सल्ला त्यापुरता बरोबर आहे. फोन न उचलणे बरोबर नाही. पू येणे, ताप, त्वचेतून काही टोचून बाहेर येते आहे असे वाटणे किंवा श्वास पूर्ण बंद होणे यांपैकी काही असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे अध्यापन विभाग आहेत. तेथील मत घेण्याचा एक फायदा असा की मत देणाऱ्याला तुमची दुसरी शस्त्रक्रिया विकायची नसते.

तक्रारीबाबत दोन वाटा आहेत आणि त्यांचे हेतू वेगळे आहेत. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाची चौकशी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद करते. ती ताकीद देऊ शकते किंवा नोंदणी निलंबित करू शकते, पण नुकसानभरपाई देत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच निश्चित केले आहे. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. म्हणजे वर्षभर थांबूनही तुमची मुदत जात नाही, परंतु तारीख लिहून ठेवा. नाक मनासारखे झाले नाही एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. योग्य कौशल्य आणि काळजी घेतली गेली नाही, हे तज्ज्ञांच्या मताने दाखवावे लागते.

दोन्ही वाटांआधी एक काम आजच करा. त्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज देऊन संपूर्ण केसपेपर मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. अशी मागणी आल्यावर ७२ तासांच्या आत कागद देणे डॉक्टरांवर आचारसंहितेने बंधनकारक आहे, आणि ते उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणेही. त्यांत शस्त्रक्रियेची टिपणे आणि आधीची छायाचित्रे असल्याची खात्री करा. पडद्यातून किती कूर्चा काढली, कोठे बसवली, कोणते टाके घातले, काही कृत्रिम वस्तू ठेवली का, हे त्या टिपणांतच असते. पुढच्या शल्यचिकित्सकाला पडद्यात काही शिल्लक आहे की कान अथवा बरगडीकडे वळावे लागणार, हे नाक उघडण्यापूर्वी त्यावरूनच कळेल.